डॉ. सलिल कृपा

भरडखोलच्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या एका नव्याकोऱ्या होडीवर मार्तंडने 'डॉ. सलिल कृपा' अशी अक्षरं वाचली, आणि हातातली सुक्या बोंबलांची पिशवी त्याला एकदम जड वाटायला लागली. अक्षरं पिवळी होती, त्यांना लाल किनार होती आणि रंग अजून ओला होता. शेजारच्या होड्यांवर एकवीरा होती, खंडोबा होता, साईबाबा होते, एकीवर नुसतंच 'आईचा आशीर्वाद' होतं. हे सगळं रीतीला धरून होतं. त्या रांगेत सलिल सबनीसने येऊन बसावं, हे मात्र मार्तंडच्या पचनी पडेना. ज्या माणसाला आपण हॉस्टेलवर दुसऱ्याच्या टॉवेलने तोंड पुसताना पाहिलेलं असतं, त्याला देवांच्या पंगतीत पाहायला मनाची तयारी लागते. दुसरा कोणी सलिल असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण पोटात, जठराच्या जरा वर, त्याला आधीच कळलं होतं. मत्सराला तपासणी लागत नाही, तो थेट निदान करतो. मार्तंडने खिशातून फोन काढून होडीचा फोटो घेतला आणि दिवेआगरला भावाच्या वाडीत सुपारी वाळत घालायला मदत करणाऱ्या बायकोला पाठवला. श्यामलाचं उत्तर लगेच आलं: 'अय्या, किती गोड! सलिलला पाठव ना.' त्याने फोन परत खिशात ठेवला.

दिवाळीनंतरचं स्वच्छ ऊन होतं. जवळा वाळत पडला होता, कावळे त्याच्या कडेकडेने चालत होते, आणि मार्तंड त्या होडीपाशी उभा राहून आपण इथे का उभे आहोत याचा विचार करत होता. तो आणि सलिल पनवेलच्या एकाच कॅन्सरच्या रुग्णालयात डॉक्टर होते. सलिल तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडक्या आहेत. मार्तंड तळघरात, जिथे किरणांचं मशीन असतं आणि भिंती इतक्या जाड असतात की आत फोनसुद्धा लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर बायका स्ट्रेचरवरून जायच्या, भूल घ्यायच्या आणि जाग्या व्हायच्या तेव्हा समोर सलिल उभा असायचा. 'काढलं सगळं,' असं तो म्हणायचा. या दोन शब्दांवर त्याची सगळी कारकीर्द उभी होती. गाठ डब्यात घालून नातेवाइकांना दाखवता यायची. मार्तंडला दाखवायला काय होतं? पेशंट टेबलावर आडवी पडायची, यंत्र घूं करत फिरायचं, काही दुखायचं नाही, काही दिसायचं नाही, आणि पंधरा मिनिटांनी तीच बाई त्याच पदराने, त्याच केसांनी बाहेर यायची. 'झालं?' असं ती विचारायची आणि आपण फसलो की काय असं तिच्या तोंडावर असायचं. त्यातून लोक त्याला शेक म्हणायचे. 'आता शेक घ्यायला सांगितलाय.' वैद्यकशास्त्राची एवढी वर्षं, त्यात पदार्थविज्ञानाची वेगळी परीक्षा, आणि शेवटी हाती काय, तर गरम पाण्याची पिशवी. सुरुवातीला तो दुरुस्ती करायचा, 'किरणोपचार म्हणा.' पेशंट मान डोलवायचे आणि नातेवाइकांना फोनवर सांगायचे, 'हो, शेकवाल्या डॉक्टरांकडे बसलोय.'

शिवाय वाटणीच मुळात वाकडी होती. छातीच्या गाठी घेऊन येणाऱ्या बायका पुष्कळदा बऱ्या होत, आणि त्यांच्या बरं होण्यावर पहिली मोहोर सलिलची असे. फुफ्फुसाचे पेशंट येत तेव्हा बहुतेक वेळा सुरीच्या पलीकडे गेलेले असत. सलिल फिल्म खिडकीकडे धरून म्हणायचा, 'हा मार्तंडचा आहे,' आणि अत्यंत सौजन्याने तो माणूस तळघरात पाठवायचा. ते विडीवाले, गिरणीवाले, काही आयुष्यात कधी धुराजवळही न गेलेले, मार्तंडकडे येत. त्यांचा दम थोडा कमी होई, थुंकीतलं रक्त थांबे, दोन घास जास्त जात. मग ते मरत. मेलेली माणसं होडीला नाव देत नाहीत. याबद्दल त्यांना दोष देता येत नव्हता, पण हिशेब मांडायला बसलं की आपली बाजू अशी कायम रिकामी राहायची. घरी सणाला सलिलकडे पापलेटं येत, हापूस येत, एकदा तर जिवंत कोंबडा आला होता. मार्तंडकडे शंका येत. 'डॉक्टर, शेकाने केस पांढरे झाले का हो?'

"काय बघता सायेब? रंग वला हाय, हात लावू नका."

होडीच्या पलीकडून एक माणूस आला. अर्धी चड्डी, गंजी, कोपरापर्यंत पिवळा रंग. हा होडीचा मालक, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"हे डॉक्टर सलिल म्हणजे..." मार्तंडने सुरुवात केली.

"देवमानूस. पनवेलला असतात. आमच्या मालकिनीला त्यांनी वाचवलं. वादळात जुनी होडी फुटली, मंग हिला हे दुखनं निघालं, त्यात करोना. आमी बोललो, आता संपलं. पन डाक्टर बोलले, घाबरू नको अनंता, मी हाय. असं खांद्यावर हात ठेवून. तुमी वलखता त्यांना?"

"ओळखतो. मी त्याच हॉस्पिटलात असतो."

"हापिसात?"

मार्तंडच्या मानेने काहीतरी हालचाल केली, जिला होकार म्हणता आला असता. खरं सांगायला एक वाक्य लागत होतं. पण ते वाक्य आपण बोलायचं नसतं, समोरच्याने ओळखून म्हणायचं असतं, असं त्याचं मत होतं. या मतापायी त्याने आयुष्यात बऱ्याच खुर्च्या मागच्या रांगेतल्या घेतल्या होत्या.

"तोंडावळा वलखीचा वाटतो," अनंता म्हणाला. "दिवेआगरचे गानू काय? त्या मुक्कामाच्या खोल्यावाल्यांचे? मासली आमचीच जाते त्यांच्याकडं. भाऊ काय तुमचा?"

"भाऊ."

"मंग घरचंच झालं. रविवारी या. डाक्टर येनार हायत, नारळ त्यांच्याच हातनं." एवढं सांगून तो रंगाचा डबा उचलून होडीच्या दुसऱ्या अंगाला गेला. तिथेही नाव काढायचं होतं. एका अंगाला भागत नाही.

अनंताची मालकीण म्हणजे कोण, हे मार्तंडला मघाच उमगलं होतं. वादळ, करोना, भरडखोल. नीराबाई. डावी बाजू. चेहरा त्याला नीट आठवेना, कारण तो काळ तोंडं झाकायचा होता. पेशंटना मार्तंड दिसायचा तो डोळ्यांपुरता, वर पुन्हा प्लॅस्टिकचा पडदा. नियम म्हणजे नियम. सलिल मात्र पेशंटशी बोलताना मास्क हनुवटीखाली ओढायचा, हसायचा, आणि परत वर करायचा. याबद्दल मार्तंडने एकदा लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं, मसुदाही मनात तयार होता. त्या सगळ्या भयंकर वर्षात त्या बायकांनी पाहिलेलं एकमेव हसू सलिलचं होतं, आणि ते बेकायदेशीर होतं.

चेहरा आठवत नव्हता, पण तिचं हृदय त्याला आठवत होतं. ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती. किरण देण्याआधी सीटीच्या चकत्या पडद्यावर उघडून त्यातला एकेक अवयव रेघेने आखावा लागतो. किरण कुठे जायचे आणि कुठे मुळीच जायचे नाहीत ते यंत्राला कळावं म्हणून. डाव्या बाजूच्या बाईचं हृदय अगदी छातीच्या भिंतीला टेकून असतं. मार्तंड ते गुलाबी रेघेने आखायचा, एका चकतीवर, मग पुढच्या, मग पुढच्या, जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत. नीराबाईचं जरा आडवं होतं, बसक्या बांध्याच्या माणसांचं असतं तसं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही अनंताने ते पाहिलेलं नव्हतं. सलिलने तर नाहीच, तो बरगडीच्या वरच थांबला होता. ते हृदय वाचवायला एक युक्ती असते. बाईने खोल श्वास घेऊन धरून ठेवला की फुफ्फुस फुगतं आणि हृदयाला मागे ढकलतं. तेवढ्या अवधीत किरण सोडायचे. श्वास सुटला की यंत्र थांबतं. यंत्राबरोबर एक इंग्रज बाईचा आवाज आला होता, श्वास घ्या, धरा, सोडा हे सांगणारा. तो आवाज आला की अलिबाग-मुरुडकडच्या बायका टेबलावरूनच विचारायच्या, 'काय बोल्लं?' आणि श्वास निसटायचा. शेवटी एका दुपारी पंखा बंद करून, घाम पुसत, मार्तंडने स्वतःच्या आवाजात ती तीन वाक्यं मराठीत यंत्रात भरली. घरी श्यामलाला ऐकवली. 'आगगाडी उशिराने धावत असल्याबद्दल दिलगीर आहोत, असं वाटतंय,' ती म्हणाली होती. तेव्हापासून तळघरात तोच आवाज चालू होता. मार्तंड रजेवर असला तरी.

"भाऊ, जरा हिकडं या."

जाळ्यांच्या ढिगाआड एक बाई उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी, हातात पिवळट मोठं पाकीट. बसका बांधा. ती त्याच्याकडे बघत होती ती दिवेआगरच्या गानूंच्या भावाकडे बघावं तशी.

"यांनी सांगितलं तुमी डाक्टरांच्या हापिसातले. एक काम कराल?" तिने मान वळवून अनंता कुठे आहे ते पाहिलं. "यांना बोलू नका. दसऱ्यापासून खोकला हाय मला. म्हसळ्याला छातीचा फोटो काढला, चुलत बहिनीकडं जाते सांगून गेले. तिथला डाक्टर बोलला, डाग हाय. ज्यांनी कापलं त्यांनाच दाखवा बोलला."

"मग दाखवा की. रविवारी येताहेतच ते."

"पूजेला? त्यांनी नारळ फोडायचा का माझी छाती बघायची?" ती हसली, मग खोकली. "आन तुमीच सांगा. यांनी साऱ्या कोळीवाड्याला सांगून होडीवर नाव काढलंय. परत आलं असंल ते, तर नाव काय पुसायचं? का मी मेले तरी त्या नावाची होडी घेऊन यांनी दर्यात जायचं? झोप न्हाय मला. तुमी असं करा, हा फोटो घेऊन जा, पूजा होऊ द्या, मंग सोमवारी त्यांच्या टेबलावर ठेवा. जे असंल ते सोमवारी."

मार्तंडने फिल्म पाकिटातून काढून आभाळाकडे धरली. समुद्र, कावळे, होडीची पिवळी अक्षरं, सगळं त्या काळ्या कागदामागे गेलं. आधी त्याने हृदय पाहिलं. आडवं, होतं तिथेच, शाबूत. मग डाव्या फुफ्फुसाचा शेंडा. गळ्याच्या हाडाखाली पांढुरका ढग होता, आणि त्या ढगाची खालची कड सरळ होती. पट्टी ठेवून ओढावी तशी. मार्तंडच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. माणसाच्या शरीरात सरळ रेघ नसते. रोग पसरतो तो शेवाळासारखा, पाण्यासारखा, जागा मिळेल तसा, क्षयही तसाच. सरळ फक्त माणूस आखतो, आणि या बाईच्या काखेतून गळ्यापर्यंत गेलेल्या गाठींसाठी किरणांची जी चौकट त्याने आखली होती, तिची खालची कड बरोबर तिथे होती. किरण लागलेलं फुफ्फुस पुढे वर्ष-दोन वर्षांत तेवढ्यापुरतं सुकतं, आकसतं, त्याचा हा डाग. इतक्या वर्षांत त्याने कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते इथे होतं, आणि ते वाचता येणारा या किनाऱ्यावर तो एकटाच होता.

सगळा सोमवार त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दर सोमवारी रुग्णालयात सगळ्यांची बैठक असते, चहा-बिस्किटं असतात. सलिल फिल्म दिव्यावर लावेल. चेहरा पाडेल, चेहरा पाडणंही त्याला शोभतं. माझी जुनी पेशंट, म्हणेल, होडीला माझं नाव दिलंय हो, आणि बघा काय वेळ आली, सुई घालून तुकडा काढू या. ज्युनिअर मंडळी हळहळतील. मग मागच्या रांगेतून मार्तंड बिस्कीट संपवून उठेल आणि म्हणेल, सलिल, तो डाग रोगाचा नाही, माझा आहे, नीट बघ, कड सरळ आहे. बस. एवढंच. यासाठी आता काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. हापिसातल्या माणसाला फिल्म वाचता येत नाही. खरं म्हणजे सलिल असलं काही करणार नव्हता. तो फिल्म बघून सरळ तळघरात फोन लावेल, 'मार्तंड, हे तुझंच दिसतंय, जरा बघ रे,' हे मार्तंडला पुरतं ठाऊक होतं. पण ती शक्यता त्याने बाजूला ठेवली. मधले दिवस या बाईला झोप येणार नव्हती, तेही त्याने बाजूला ठेवलं. आजवर नाही आली, अजून चार दिवस.

"बरं," त्याने फिल्म पाकिटात घातली. "ठेवतो टेबलावर."

"उपकार झाले," नीराबाई म्हणाली, आणि तिला उबळ आली. पाटी डोक्यावरून घसरली, तिने ती कशीबशी धरली, वाकली, डोळ्यांत पाणी आलं. उबळ थांबेना. मार्तंडने पिशवी वाळूत ठेवली आणि खोकणाऱ्या माणसाला डॉक्टर जे सांगतो ते, काही ठरवून नव्हे, जिभेला वळण होतं म्हणून, सांगितलं.

"श्वास आत घ्या. धरून ठेवा."

नीराबाईने श्वास घेतला आणि ती थांबली. खोकला कुठल्या कुठे गेला. तिची नजर मार्तंडवरून निघून त्याच्या पलीकडे कुठेतरी वर, छताकडे बघावं तशी लागली. पाटी वाळूत पडली. तिचा डावा हात आपोआप उठून डोक्यामागे गेला, मग उजवा, आणि मान उजवीकडे वळली, किरण देताना वळवावी लागते अगदी तितकीच. भर दुपारी भरडखोलच्या किनाऱ्यावर ती बाई उभ्याने त्या टेबलावर पडली होती. चोळीच्या गळ्याशी एक बारीक निळा ठिपका दिसत होता. यंत्र दररोज त्याच जागी लागावं म्हणून त्याच्याच माणसांनी गोंदलेला.

"काय गो नीरे," वाळत घातलेला जवळा परतणारी एक म्हातारी ओरडली, "कवायत करतंस काय पावन्यापुढं?"

"सोनूबाय, तुझं तू बघ," असं नीराबाई एरवी म्हणाली असती. पण तिने श्वास धरला होता. ती बोलली नाही, हलली नाही. छाती फुगलेली, आत हृदय मागे सरलेलं. मार्तंडला ते जवळजवळ दिसलं. आणि त्याच्या लक्षात आलं की तो सांगेपर्यंत ती सोडणार नाही. सलिलसमोर बायका येत त्या भूल दिलेल्या. जागेपणी इतका विश्वास सलिलवर कोणी ठेवला नव्हता, त्याला कल्पनाही नव्हती असलं काही असतं याची. मार्तंडला ते फार आवडलं. ते संपू नये असं वाटलं, आणि त्या वाटण्यात एक क्षण गेला, मग आणखी एक. तिच्या कपाळावरची शीर वर आली. ओठ आवळले गेले. तिच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत सलिलची कृपा होती आणि खाली ती श्वास धरून उभी होती, आणि सोमवारपर्यंत ठेवली तर सोमवारपर्यंत उभी राहील, असं त्याला दिसलं. ते मात्र त्याला बघवेना.

"सोडा," तो म्हणाला.

तिने श्वास सोडला. हात खाली आले. मग तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तोंड सोडून गळ्याकडे, आवाज जिथून येतो तिथे.

"तो तुमी?"

"हो."

"मशीनमधले?"

"हो. मशीनमधला."

"मी समजले मशीनच बोलतं." ती खाली वाळूत बसली. "तुमी हापिसात न्हाय मंग."

"नाही. शेक देतो." तो शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला ते त्याला कळलं नाही, पण निघाला, आणि तिला समजला. तोही तिच्यासमोर वाळूत बसला, फिल्म परत काढली आणि बोट ठेवलं. "हे बघा. हा रोगाचा डाग नाही. हा माझा आहे. मी केलेला."

"तुमी? कशाला?"

"मुद्दाम नव्हे. तुमच्या हाताला पाटीचा घट्टा पडलाय ना, तसा आत पडलाय. शेक जिथपर्यंत दिला तिथपर्यंत. ही कड सरळ आहे, दिसते? रोगाला असं सरळ जाता येत नाही. तरी मंगळवारी पनवेलला या, एक सीटी काढू, पक्कं बघू. मला नव्वद टक्के नाही, त्याहून जास्त खात्री आहे. खोकल्याला औषध देतो. रविवार मजेत करा."

नीराबाईने फिल्म हातात घेतली, आभाळाकडे धरली आणि बराच वेळ ती रेघ बघितली. मग तळहात उलटा करून घट्टा बघितला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने न पुसता तसंच वाहू दिलं, घाम असल्यासारखं.

"मंग नाव पुसायला नको," ती म्हणाली.

"नको."

"नाव काय तुमचं?"

"मार्तंड."

तिने वळून होडीकडे पाहिलं. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जागा संपली होती. "आता रंगवून झाली," ती ओशाळून म्हणाली. मग पडलेली पाटी जवळ ओढत, "तो आवाज लई चांगला होता. घाबरू देत नव्हता. घरी निजायला पडले तरी कानात यायचा, मंग लागायचा डोळा. ह्यांना पन बोलले होते, असा आवाज असलेल्या मानसाचं घर सुखी असंल." तिने त्याचं तोंड पुन्हा न्याहाळलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "समोर येवढा न्हाय वाटत."

मार्तंडने बोंबलांची पिशवी उचलली. अनंता लांबून ओरडला, रविवारी नक्की, आणि त्याने हात केला. भावाची स्कूटर रस्त्याला लावली होती. तिच्यावर बसून त्याने होडीचा फोटो सलिलला पाठवून दिला आणि खाली लिहिलं, 'रंग ओला आहे, टेकू नकोस.' सलिलबद्दल आता त्याला फारसं काही वाटत नव्हतं, आणि हे त्याला जरा चुकल्यासारखंच वाटलं. जुनं ठुसठुसणारं गळू फुटल्यावर वाटतं तसं. पण ती जागा रिकामी राहिली नव्हती. तळघरात, या क्षणी, तो इथे घामाघूम बसलेला असताना, तो दुसरा, यंत्रातला मार्तंड, बोलत असेल. श्वास आत घ्या. कुण्या बाईचा डोळा आज रात्री त्याच्यामुळे लागेल. त्याला बोंबील न्यावे लागत नव्हते, बायकोकडून आगगाडीवरून ऐकून घ्यावं लागत नव्हतं, आणि एका दुपारच्या कामावर तो इतकी वर्षं माया खात होता.

दिवेआगरच्या रस्त्याला, सुरूच्या झाडांमधून, वाऱ्यात कोणी ऐकत नाही असं बघून मार्तंडने ती वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. श्वास आत घ्या. जमलं नाही, घसा खाकरून पुन्हा म्हणाला. धरून ठेवा. आणि धरून ठेवला. सुरूबन संपलं, पूल आला, वाड्या लागल्या, कोणीतरी ओळखीचा हात करून गेला. त्याची छाती भरलेली होती, आणि तो कान देऊन तिसऱ्या वाक्याची वाट बघत होता.